रांजणगावच्या पुढचा गोल रस्ता

प्रवासाला गेलेला माणूस शेवटी पोचला कुठे, हे वाचणाऱ्याला आधी कळलेलं बरं. मी नगर रस्त्याने रांजणगावच्या थोडा पुढे गेलो, तिथे एका जागी गोल गोल फिरलो आणि संध्याकाळी धानोरीला घरी परत आलो. एवढ्या अंतरावर पुण्यातली माणसं हुरडा खायला जातात आणि त्यावर कुणी काही लिहीत नाही. मी लिहितो आहे, कारण तो रस्ता बहुतेकांनी पाहिलेला नसतो. शिवाय या प्रवासाबद्दल घरात मी जे गप्प राहिलो, ते अजून थोडं अंगाला लागून आहे.

माझा धंदा विचित्र आहे. विमा कंपन्यांसाठी मी ठोकलेल्या गाड्या तपासतो. बंपर चेपलेला, दिवा फुटलेला, दार आत गेलेलं, आणि शेजारी उभा मालक मला सांगत असतो, "साहेब, गाडी उभी होती." माझ्या हिशेबाने या शहरातले निम्मे अपघात उभ्या गाड्याच करतात. लोक बोलत जातात आणि अडकत जातात, हे रोज पाहून मी स्वतः बोलणं कमी करत आणलं. खोटं मी बोलत नाही. फक्त बोलत नाही. नीलिमा, म्हणजे माझी बायको, पाहुण्यांना सांगते की मी घरात आहे हे तिला फ्रिजच्या दारावरून कळतं.

तर ऑफिसच्या स्नेहसंमेलनात चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या नावावर एक 'ट्रॅक डे' निघाला. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. शर्यतींसाठी बांधलेल्या रस्त्यावर आपली रोजची गाडी घेऊन जायचं, शिकवणारं माणूस शेजारी बसतं, आणि एरवी विश्रांतवाडीच्या सिग्नलला रांगणारी आपली गाडी काय काय करू शकते ते एकदा पाहायचं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "तुम्हाला नको असेल तर मला द्या." आणि मी, जो कधी काही मागत नाही आणि धरूनही ठेवत नाही, चटकन म्हणालो, "नको, जाणार आहे."

अडचण एकच होती. माझी स्वतःची म्हणावी अशी एक स्कूटर आहे. गाडी नीलिमाची. लाल, छोटी, तिने तिच्या पगारातून घेतलेली आणि देवघरासारखी ठेवलेली. आता तिला मोठी घ्यायची होती, म्हणून ही प्रणाली नावाच्या मुलीला विकायची ठरली होती. प्रणाली मूळची अमरावतीची, खराडीला आयटीत नोकरीला. ती सोमवारी संध्याकाळी गाडी न्यायला येणार होती. आदल्या आठवड्यात ती पाहायला आली तेव्हा नीलिमाने तिला माझ्यासमोर शब्द दिला होता, "एका हाताची गाडी आहे. हिला कधी कुणी दामटलेलं नाही. तेवढं मी छातीठोक सांगते."

माझा ट्रॅक डे त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी होता.

नीलिमाला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली नसती कदाचित. पण तिने "कशाला?" असं विचारलं असतं, आणि चोपन्न वर्षांच्या माणसाला कशाला पळवायची असते गाडी, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून शनिवारी जेवताना मी म्हणालो, "उद्या गाडी घेऊन रांजणगावकडे जाऊन येतो."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"अगंबाई, महागणपती!" पलीकडून आवाज आला. "मग मलाही न्या."

माझ्या सासूबाई वाईहून आठ दिवसांसाठी आल्या होत्या. त्या निवृत्त शिक्षिका. त्या एकदा येते म्हणाल्या की येतातच.

वाघोलीपर्यंत

पहाटे निघालो. आई पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी, पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. (सासूबाईंना मी आईच म्हणतो.) गाडी सोसायटीच्या उतारावरून काढताना नीलिमाने गॅलरीतून हात केला. मी मान हलवली. खराडी बायपासपर्यंत माझ्या मनात जे चाललं होतं ते मी अपघातग्रस्तांच्या चेहऱ्यावर खूप वेळा पाहिलं आहे.

वाघोलीला नेहमीप्रमाणे तुंबलं होतं. रविवारी पहाटेसुद्धा. तिथे मला बोलणं भाग पडलं.

"आई, दर्शन झालं की मला थोडं पुढे काम आहे."

"कसलं?"

"गाडी चालवायची आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्टिअरिंगकडे पाहिलं. "मग आत्ता काय करताय?"

मग सगळं सांगितलं. चिठ्ठी, ट्रॅक, प्रणाली, नीलिमाने दिलेला शब्द. इतकं सलग मी यापूर्वी कधी बोललो ते आठवत नाही. पुढचा ट्रक दोन फूट सरकला, आम्हीही सरकलो.

"नीलूला माहीत नाही?"

"नाही."

"मारामारी असते का तिथे?"

"नाही हो. हेल्मेट घालतात, शिस्तीत चालवतात."

"श्रीकांतराव," त्या म्हणाल्या, "पुण्याचा माणूस हेल्मेट घालणार असेल तर ते बघायला मी येणारच."

रांजणगावला गर्दी व्हायच्या आत दर्शन झालं. मी हात जोडून उभा राहिलो, पण नेमकं काय मागावं ते सुचेना. गाडी नीट राहू दे म्हणावं तर आपणच ती पिदडायला चाललोय. बाहेर आईंनी बाप्पाचं एक फूल आणून गाडीत पुढच्या काचेपाशी ठेवलं आणि म्हणाल्या, "हिच्यासाठी. तुमचं तुम्ही बघा."

ज्या रस्त्यावर समोरून कुणी येत नाही

ट्रॅक एका माळावर आहे. आजूबाजूला ज्वारीची शेतं, लांब एका कारखान्याची पांढरी शेड, आणि मध्येच हा काळाभोर, गुळगुळीत रस्ता. असा रस्ता मी पुण्यात फक्त उद्घाटनाच्या सकाळीच पाहिला आहे, दुपारपर्यंत कुणीतरी केबलसाठी खणतं. हा कुणी खणलेला नव्हता. त्याला खड्डा नव्हता, गतिरोधक नव्हता, मधोमध बसलेली म्हैस नव्हती. तो कुठे जातही नव्हता.

आधी गाड्या तपासल्या. आतलं सुटं सामान सगळं बाहेर काढायचं. काचेपाशी ठेवलेलं फूलही. ते आईंनी केसात माळलं. माझ्यापुढे एक मोठी काळी एसयूव्ही होती. तिच्या बंपरला लिंबू-मिरच्या बांधलेल्या, त्या काढा म्हणून सांगितलं तर मालक ऐकेनात.

"अवो, ती काय सुटतीय? तारेनं बांधलीय."

"सर, नियम आहे."

"बरं, काढतो. पर हितं भिंतीला टांगतो. समद्यांनाच लागू पडंल."

हे वाघोलीचे भाऊसाहेब. शेतीचे प्लॉट पडले, प्लॉटवर इमारती आल्या, पण माणसाचं बोलणं अजून बांधावरचं. मुलाने वाढदिवसाला हा ट्रॅक डे भेट दिला होता. "पोरगं म्हनालं, बाबा, हायवेला हाणता, त्यापरीस तिथं हाणा." आईंना पाहून ते वाकून म्हणाले, "मावशी, तुमी बी चालवनार?" आई म्हणाल्या, "सध्या बघते."

मग एक तासभर वर्ग झाला. शिकवायला रेवती. तिशीची, काळी टोपी, आवाज शाळेच्या पीटीच्या बाईंसारखा. तिने जे नियम सांगितले ते ऐकून मला परदेशात आल्यासारखं वाटलं. सगळ्यांनी एकाच दिशेने जायचं. हॉर्न वाजवायचा नाही. मागच्याला पुढे जायचं असेल तर पुढच्याने हात बाहेर काढून त्याला जागा दाखवायची, तोपर्यंत मागच्याने थांबायचं. भाऊसाहेबांनी हात वर केला. "म्हंजे म्होरच्यानं आपल्याला जा म्हनायचं? आपन हून?" रेवती म्हणाली, "हो." "आन त्यानं नाय म्हनलं तर?" "तर नाही जायचं." भाऊसाहेबांनी हात हळूच खाली घेतला.

आणि शेवटचा नियम. "फेऱ्या झाल्या की एक फेरी हळू मारायची. ब्रेक गार होऊ द्यायचे. आत आलात की गाडी गिअरमध्ये टाका, चाकाला ठोकळा लावा. हँडब्रेक लावायचा नाही. ब्रेक तापलेले असतात, तसेच आवळले तर गार होताना चिकटून बसतात. लक्षात राहील ना?"

सगळ्यांनी मान हलवली. मी तर जाणकाराची हलवली.

पहिल्या वेळी रेवती शेजारी बसली. हेल्मेटमुळे मला माझाच श्वास ऐकू येत होता.

"सर, खांदे खाली घ्या. लांब बघा. अजून लांब. बॉनेटकडे नाही, वळणाच्या पलीकडे."

पुण्यात माणूस वळणाच्या पलीकडे बघत नाही. तो पुढच्या तीन फुटांत काय घुसतंय ते बघतो. मी मान उचलली आणि रस्ता उलगडल्यासारखा झाला.

"सर, हॉर्न नको."

"वाजवला?"

"दोनदा. पुढे कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग कोणासाठी?"

"सवय."

लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी तिसरं वळण आहे, उजवीकडे, चढावर. तिथे ती ओरडायची, "आता ब्रेक! जोरात! अजून! सोडा, सोडा, वळवा!" गाडी नाक खाली घालायची, मग अलगद कलायची आणि पुढे झेपावायची. चौथ्या फेरीला तिला ओरडावं लागलं नाही. ती नुसती "हं" म्हणाली. मला त्या "हं"चा आनंद झाला. दुसरा शब्द मला सापडत नाही. मागून एक निळी गाडी आली, मी हात बाहेर काढून तिला वाट दिली, आणि पुढे जाताना त्या माणसाने हात हलवून आभार मानले. मी इतकी वर्षं गाड्या पाहतोय, रस्त्यावर कुणी कुणाचे आभार मानलेले मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

कर्र, कर्र, कर्र

दुसऱ्या वेळी मी एकटा होतो.

आता हे सगळं सरळ सांगतो. मी दामटली. नीलिमाने जे कधी झालं नाही म्हणून छातीठोक सांगितलं होतं, ते मी सात फेऱ्या मन लावून केलं. पाचव्या फेरीला ब्रेकचं पेडल जरा पोकळ लागायला लागलं, जळका वास आला, आणि मी काच वर केली. फेऱ्या संपल्याचा झेंडा हलला तो मला दिसला होता. हळू मारायची ती फेरी मी हळू मारली नाही. एकदाच तिसरं वळण अजून मिळेल असं वाटलं.

आत आलो. पुढच्या चाकांतून धूर निघत होता, तो मला कौतुकाचा वाटला. भिंतीपाशी जरासा उतार आहे. आई डबा घेऊन उभ्या होत्या. मी हेल्मेट काढलं आणि माझ्या डाव्या हाताने, मला न विचारता, हँडब्रेक ओढला. कर्र, कर्र, कर्र.

आमच्या सोसायटीचं पार्किंग उतारावर आहे, आणि गाडी नीलिमाची असली तरी रात्री ती नीट लावायचं काम माझं. लग्नानंतरच्या पहिल्या गाडीपासून रोज रात्री मी वर आलो की नीलिमा एकच प्रश्न विचारते, "हँडब्रेक नीट ओढला का?" मी 'हं' म्हणतो. आमच्या संसारातला हा सगळ्यात नियमित संवाद असेल. तीन वेळा कर्र झाल्याशिवाय माझा हात गाडी सोडत नाही. रेवतीचा नियम माझ्या डोक्यात होता. हात डोक्याच्या आधी पोचला.

आम्ही सावलीत बसून पुऱ्या खाल्ल्या. भाऊसाहेबांनी घरून पिठलं-भाकरी आणली होती. आईंनी त्यांना लिंबाचं लोणचं वाढलं. "मावशी, तिसऱ्या वळणाला माजी गाडी गपकन आडवी झाली. म्हनलं आता ज्वारीत." आईंनी विचारलं, "ज्वारी कुणाची?" त्यांनी अभिमानाने सांगितलं, "पाव्हन्याची."

तासाभराने पुन्हा नाव पुकारलं. मी बसलो, हँडब्रेक सोडला, क्लच सोडला. गाडी मागून खाली बसल्यासारखी झाली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली. पुन्हा तेच. मागची चाकं जागची हलत नव्हती.

रेवती आली. वाकली. मागच्या चाकाजवळ हात नेला.

"सर, हँडब्रेक लावला होता का?"

आणि मी, रोज ज्या वाक्याला मनातल्या मनात हसतो तो मी, म्हणालो, "गाडी उभी होती."

"हो सर. उभ्या गाडीलाच लावतात."

भाऊसाहेब तोवर जॅक आणि लाकडी हातोडा घेऊन आलेच होते. "कायी न्हाई, सायेब. ड्रम आवळून बसलाय. आमच्या ट्रॉलीचं असंच हुतं पावसाळ्यात. दोन टोलं दिलं की सुटतंय." रेवतीने आधी केबल ढिली करून घेतली. मग गाडी उचलून चाक काढलं, आणि भाऊसाहेबांनी ड्रमवर टोले घातले. दोन नव्हे, बरेच. प्रत्येक टोल्याला मी डोळे मिटत होतो. लाल रंगाची ती गाडी मला नीलिमासारखी दिसायला लागली होती.

शेवटी ड्रम, म्हणजे चाकामागचं ते लोखंडी भांडं, निघाला. आत ब्रेकच्या पट्ट्या असतात, ज्यांना शूज म्हणतात. त्यातल्या एकीचं अस्तर ड्रमलाच चिकटून राहिलं होतं. तव्याला भाकरी धरते तसं. दुसऱ्या बाजूला जरा बरं होतं.

"नवे टाकावे लागतील," रेवती म्हणाली. "पुढचे पॅड पण गेलेत. आणि ब्रेक ऑइल उकळलंय, ते बदलू. आमचे मेकॅनिक करतील, पण पार्ट्स हवेत."

"शिक्रापूरला मिळत्यात," भाऊसाहेब म्हणाले, आणि माझं 'अहो, नको' पुरं व्हायच्या आत काळी एसयूव्ही फाटकातून बाहेर गेली. ते स्वतःची फेरी सोडून गेले होते. मी गाड्या थांबतात तिथल्या भिंतीला टेकून बसलो. वर लिंबू-मिरच्या लटकत होत्या.

आई शेजारी येऊन बसल्या. "दुरुस्त होईल ना?"

"होईल. नव्यासारखी."

"मग चेहरा असा का?"

"आई, नीलिमाने त्या मुलीला शब्द दिलाय."

त्यांनी पदराने डब्याचं झाकण पुसलं. "माझ्यावर ढकला. देवळापाशी उतार होता, म्हातारीने भलत्या जोराने दांडा ओढला, चाकं अडकली. संपलं. मला त्र्याहत्तर वर्षं झाली, मला कुणी का म्हणून विचारत नाही."

मी नको म्हणालो नाही. मी नुसतं पाहिलं. यालाच मी आयुष्यभर न बोलणं म्हणत आलो आहे.

भाऊसाहेब सामान घेऊन आले, गाडी जोडली गेली, रेवतीने स्वतः दोन फेऱ्या मारून ब्रेक तपासले. मग दिवसाची शेवटची गंमत. संध्याकाळी सोबत आलेल्यांना शेजारी बसवून एक हळू फेरी मारू देतात. पुढे रेवतीची गाडी, मागे आमची वरात. आईंनी केसातलं फूल काढून माझ्या खिशात ठेवलं आणि हेल्मेट घातलं. बाहेर फक्त कुंकू आणि चष्मा दिसत होता. भाऊसाहेब म्हणाले, "मावशी, झाशीची रानी दिसताय." आई आतून काहीतरी म्हणाल्या, ते कुणालाच ऐकू आलं नाही.

ऊन तिरकं झालं होतं. ज्वारीवर वारा होता. तिसऱ्या वळणाच्या चढावर गाडी आली की क्षणभर फक्त आभाळ दिसतं, मग रस्ता पुन्हा सापडतो. आई दोन्ही हातांनी पट्टा धरून बसल्या होत्या. उतरल्यावर हेल्मेट काढून म्हणाल्या, "नीलूला हे आवडलं असतं हो."

पाणी

घरी आलो. नीलिमाने दार उघडलं आणि पहिल्यांदा नाक वर केलं. "कसला जळका वास येतोय तुम्हा दोघांना?"

मी तोंड उघडायच्या आत आई चप्पल काढता काढता म्हणाल्या, "अगं, मीच मेलीने घोळ केला. देवळापाशी उतार होता, मी तो दांडा ओढला तो इतका ओढला की चाकंच जाम. श्रीकांतरावांनी बिचाऱ्यांनी दिवसभर उन्हात उभं राहून दुरुस्त करून घेतली."

नीलिमा खळखळून हसली. "आई! तू ना! आणि हा काही बोलला नसेल तुला." मग माझ्याकडे वळून, "दमलास ना?"

मी खोटं बोललो नाही. मी पाणी प्यालो.

त्या संध्याकाळी तिने माझ्यासाठी मुद्दाम साबुदाणा खिचडी केली. ती मी खाल्ली. अशा वेळी अन्न घशाखाली उतरत नाही असं म्हणतात. माझं उतरलं, आणि मी पुन्हा मागून घेतली. याची लाज मला ट्रॅकपेक्षा जास्त वाटते.

सोमवार

संध्याकाळी प्रणाली आली. पाठीवर ऑफिसची बॅग, हातात पेढ्यांचा पुडा. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडून पाहिलं, मग मागच्या चाकाजवळ वाकली. चाकाच्या आत टोल्यांच्या खुणा होत्या. मी तपासायला गेलो असतो तर मीही तिथेच वाकलो असतो.

"मॅडम, हिला काही झालं तर नव्हतं ना? म्हणजे मी पहिल्यांदाच गाडी घेऊन राहिले, मला काही समजत नाही."

"काही नाही गं," नीलिमा म्हणाली. "काल माझ्या आईने हँडब्रेक जोरात ओढला, चाक अडकलं, म्हणून मागचे शूज नवे टाकले. तेवढंच. बाकी मी सांगितलं तसं. कधी कुणी दामटलेली नाही."

नीलिमा बँकेत आहे. एक रुपयाचा फरक निघाला तर ती रात्री उठून बसते. तिला मी खोटं बोलताना आजवर ऐकलं नव्हतं. आत्ता ती बोलत होती. हसत हसत, त्या मुलीच्या डोळ्यांत पाहून, माझं खोटं. माझ्या तोंडातून निघालं नव्हतं म्हणून ते तिच्या तोंडातून निघत होतं.

"मी दामटली," मी म्हणालो.

दोघी वळल्या. गॅलरीतून आई खाली वाकून पाहत होत्या.

"काल. आईंनी काही ओढलं नाही. मी रेसिंगच्या ट्रॅकवर नेली होती. सात फेऱ्या जोरात मारल्या. ब्रेक तापले असताना हँडब्रेक मीच ओढला. पुढचे पॅड, मागचे शूज आणि ब्रेक ऑइल नवं आहे. टायर कडेने झिजलेत, ते पाहून घ्या. नीलिमाला यातलं काही माहीत नव्हतं. ती खरं समजून बोलली."

पार्किंगमध्ये कुणाची तरी स्कूटर चालू झाली आणि गेली. नीलिमा माझ्याकडे असं पाहत होती, जसं मी दुसऱ्या कुणाच्या घरातून निघून आलोय.

प्रणालीने बॅग खाली ठेवली. "काका, हे काऊन सांगितलं तुम्ही? मला तर कळलंच नसतं."

"म्हणूनच."

ती पुन्हा चाकाकडे पाहत म्हणाली, "माझ्याच्याने आता एकटीने ठरणार नाही. उद्या माझ्या ओळखीचा मेकॅनिक आणते, येरवड्याचा. तो बोलला तर घेते. नाही तर नाही. चालेल ना मॅडम?"

"चालेल," नीलिमा म्हणाली. "चालायलाच पाहिजे. मी दिलेला शब्द खोटा निघालाय, आता तू म्हणशील ते."

प्रणाली निघाली. थोडं पुढे जाऊन परत वळली. "काका, किती स्पीड गेला होता?" मी सांगितला. "बापा!" म्हणाली आणि रिक्षात बसली. (दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, गाडीखाली बराच वेळ पडून राहिला आणि म्हणाला की ब्रेक तर शोरूमपेक्षा चांगले आहेत. प्रणालीने गाडी घेतली. टायर आम्ही बदलून दिले, तो नीलिमाचा आग्रह. पण हे सगळं नंतरचं.)

आम्ही दोघं गाडीपाशी उभे. आई गॅलरीतून आत गेल्या होत्या. त्यांना कुठे थांबायचं ते कळतं.

"शब्द माझा होता, श्रीकांत."

"हो."

"गाडी माझी होती."

"हो."

"आणि कालपासून आईला माझ्याशी खोटं बोलायला लावलंस. ती चहा देतानासुद्धा माझ्याकडे बघत नव्हती आज."

यावर 'हो' म्हणण्यासारखं नव्हतं. "माझं चुकलं," मी म्हणालो. हे दोन शब्द तसे छोटे आहेत. पण मी ते कधी कुणाला ऐकू येतील असे म्हटलेले नव्हते.

ती जिन्याकडे निघाली. पहिल्या पायरीवर थांबली. पाठ माझ्याकडेच.

"आईला नेलंस. हेल्मेट घालून फिरवलंस म्हणे, आत्ता मेसेज केलाय तिने, वरून. मला विचारलंसुद्धा नाहीस."

"तू 'कशाला' म्हणाली असतीस."

"मग सांगायचं होतंस ना, कशाला ते!"

मी उत्तर शोधत उभा राहिलो. ती वाट पाहत उभी राहिली. आमच्या लग्नात अशा वेळी नेहमी ती कंटाळून वर जाते आणि मी सुटतो. या वेळी ती गेली नाही. ती खाली आली, पायरीवर बसली आणि शेजारची जागा हाताने झाडली.

मी बसलो. "तिथे एक वळण आहे," मी म्हणालो, "लांब सरळ रस्ता येतो आणि एकदम उजवीकडे, चढावर. तिथे तुला वाटतं की आता संपलं. पण लांब बघायचं. अगदी लांब. मग..."

"मग काय?"

आई जेवायला हाक मारत होत्या, दोनदा, तीनदा. मी बोलत होतो. नीलिमा मध्येच म्हणाली, "थांब, थांब. म्हणजे ब्रेक मारल्यावर वळवायचं की वळवताना मारायचा?" तेव्हा मी जमिनीवर बोटाने तो सगळा रस्ता काढून दाखवला. शेजारचे कुलकर्णी स्कूटर लावून वर जाता जाता तिच्याकडे पाहून म्हणाले, "बरं आहे ना सगळं? यांचा आवाज ऐकला म्हणून विचारलं."